जोडी उभी करा

क्रांती चौकातून आत वळलं की एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर ती खोली होती. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असलं तर खालच्यानं वाट बघायची. त्या खोलीत काकासाहेब तुपे सर संध्याकाळी सहा ते आठ इंग्रजी शिकवत. बाहेर पाटी नव्हती आणि पाटीची गरजही कधी पडली नाही. शहरात इंग्रजीचे क्लास गल्लोगल्ली होते, टाय लावलेल्या हसऱ्या चेहऱ्यांचे फलक चौकाचौकात लागले होते. तरी शहराबाहेर शेंद्र्याच्या कंपन्यांत राबणारी माणसं एकमेकांना सांगत, की बाकी काय शिकायचं ते कुठंही शिका, 'बट' मात्र तुपे सरांकडंच शिका.

आता 'बट'मध्ये शिकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण सर म्हणत, शब्द माहीत असणं वेगळं आणि वेळेला तो तोंडात येणं वेगळं. पस्तीस वर्षं हायस्कुलात मास्तरकी करून त्यांना एक गोष्ट दिसली होती. आपला माणूस इंग्रजी बोलायला लागला की एक वाक्य टाकतो, मग दुसरं टाकतो आणि मधली जागा तशीच मोकळी सोडतो. मशीन बंद होतं. माल पूर्ण निघाला. आपल्या भाषेत एवढं बोलून हात उडवला, भुवई वर केली की ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत साहेब नुसता तोंडाकडं बघत राहतो. "दोन गोष्टींची टक्कर झाली, हे त्याला सांगावं लागतं," सर म्हणत. "बट म्हणजे साधी टक्कर. ऑल्दो म्हणजे टक्कर होणार हे आधीच बजावून ठेवणं. हाउएव्हर म्हणजे थांबून, घसा खाकरून दिलेली टक्कर. आणि व्हेअरअ‍ॅज म्हणजे दोघांना शेजारी उभं करून बघणं."

आणि ते खरोखरच उभं करत. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची, हातावरचा खडू झटकायचा आणि म्हणायचं, "चला, जोडी उभी करा!" दोन विद्यार्थी उठून रेघेच्या दोन बाजूंना उभे राहत. मग सगळ्या वर्गानं त्यांच्याकडं बघून वाक्यं करायची. हा उंच, व्हेअरअ‍ॅज तो बुटका. याला मिशी आहे, बट त्याला नाही. वर्ग खदखदून हसायचा आणि हसता हसता ते अवघड शब्द पोटात जायचे. जी पोरं सहा महिने नियम घोकून थकली होती, ती इथं पंधरा दिवसांत घडाघडा बोलायला लागत. सरांना या पद्धतीचा मोठा अभिमान. कुणी विचारलं की सांगायचे, "पुस्तकातली नाही ही. आमच्या आबांची आहे."

आबा म्हणजे त्यांचे वडील, पिशोर गावचे शेतकरी; नाव कारभारी तुपे. पोलीस अ‍ॅक्शनच्या पुढच्या वर्षी काकासाहेबांचा जन्म. निजाम गेला आणि माझ्या घरात हा आला, असं आबा मोठ्या ऐटीत सांगत. घरची जमीन बरी, ओट्यावर रोज संध्याकाळी चार माणसं टेकलेली असायची. कुणी नवा पाहुणा आला की आबा दोन्ही पोरांना हाक मारत. थोरला पुंजाराम आणि धाकटा काकासाहेब. दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं आणि पाहुण्याला दाखवायचं. "हा आमचा पुंजाराम. अंगानं बैल आहे, पण डोक्यानंबी बैलच. आन् हा काकासाहेब. एवढा जीव, पण अख्खा पाढा उलटा म्हणतो. म्हण रे." काकासाहेब उलटा पाढा म्हणायचा. पाहुणा पाठ थोपटायचा. पुंजाराम शेजारी उभा राहून हसायचा. सरांच्या लहानपणातली ही सगळ्यात गोड आठवण होती, आणि ती ते वर्गातही रंगवून सांगत.

तर अशा या वर्गात, सर निवृत्त होऊन पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा बानाबाई आणि राजाबाई या दोघी जावा आल्या. शेंद्र्याच्या अलीकडच्या वस्तीवरच्या. घराणं मेंढपाळाचं. बानाबाईचा नवरा मुंजाबा अजून मेंढरं राखत होता, राजाबाईचा नवरा त्रिंबक कंपनीची गाडी चालवायचा. दोघी मोटारींचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर होत्या. पहिली पाळी सुटली की शेअर रिक्षानं शहरात यायच्या. दोघींत एक डबा, एक छत्री, आणि बसायला शेजारच्या दोन खुर्च्या. धाकटी थोरलीला आक्का म्हणायची, थोरली धाकटीला राजी.

त्या का आल्या, ते बानाबाईनंच पहिल्या दिवशी सांगितलं. लाईन लीडरची जागा निघणार होती. लीडरला पाळी संपल्यावर साहेबापुढं इंग्रजीत अहवाल द्यावा लागे: ठरलेला माल एवढा, निघाला मात्र एवढा, का निघाला नाही, आणि कमी माणसं असूनही कसा निघाला. "काम समदं येतंय सर," ती म्हणाली. "आठ वर्सं झाली. खोकं उचललं की आत एक नग कमी हाय का ते हाताला कळतंय. फकस्त त्ये बोलाया येत नाय." राजाबाईला कंपनीत तिनंच लावलं होतं आणि क्लासलाही तिनंच ओढून आणलं होतं. "म्हन्लं, येकली कशाला शिकू? हिलाबी घिऊन येते."

सरांना ही जोडी बघून काय आनंद झाला म्हणून सांगावं! एका घरातल्या, एका कामावरच्या, आणि तरी सगळ्यात उलट. राजाबाई दहावी झालेली, चटपटीत, कानावर पडलेलं लगेच उचलणारी. बानाबाई सातवीतून घरी बसलेली, सावकाश, प्रत्येक शब्द आधी ओठांत फिरवून मग बाहेर काढणारी. अशी जोडी शिक्षकाला शोधून सापडत नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी रेघ ओढली आणि दोघींना उभं केलं. राजाबाई इज क्विक, व्हेअरअ‍ॅज बानाबाई इज स्लो. वर्ग हसला. बानाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

झालं. त्या दिवसापासून दुसऱ्या जोडीचं नावच नाही. कधी बदल म्हणून दोन पोरं उभी केली तरी दहा मिनिटांत सरांचा हात दोघी जावांकडं वळायचा. राजाबाई दहावी पास, बट बानाबाई नाही. राजाबाईला मोबाईल कळतो, बट बानाबाईला फक्त उचलता येतो. आणि बानाबाई प्रत्येक वेळी पदर तोंडाला लावून हसायची. अशी खेळकर विद्यार्थिनी आपल्याला पस्तीस वर्षांत मिळाली नाही, असं सर घरी जेवताना बायकोला सांगत.

तिसऱ्या आठवड्यात राजाबाई वर्ग सुटल्यावर मागं थांबली. बानाबाई जिना उतरून गेली होती. राजाबाई टेबलापाशी आली, हातातली छत्री या हातातून त्या हातात करत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, आमाला दोघींला नगा उभं करत जाऊ. दुसरी घ्या की कुणी."

"का हो? तिला राग येतो?"

"राग न्हाय येत. ती हसतीच. पन…"

"मग झालं तर," सर म्हणाले. "भाषा शिकायची तर लाज जिन्याखाली ठेवून वर यायचं. ती शिकलीय ते. तुम्हीच लाजताय."

राजाबाई उतरून गेली. सरांनी फळा पुसला, खडूची भुकटी झटकली आणि ते बोलणं तिथंच विसरून गेले. निदान त्यांना तरी वाटलं की विसरलो.

मग तो ऑल्दोचा दिवस उजाडला. सरांनी फळ्यावर डाव्या बाजूला अर्धं वाक्य लिहिलं: ऑल्दो बानाबाई इज द एल्डर, आणि पुढं टिंबं टिंबं. बाकीचं वर्गानं पुरं करायचं. एक जण म्हणाला, राजाबाई इज टॉलर. ठीक. दुसरी म्हणाली, राजाबाई स्पीक्स फर्स्ट. छान. मागच्या बाकावर सांडू नावाचा एक जण होता, त्याच कंपनीत माल ठेवायच्या विभागात कामाला. तो उठून ओरडला, "राजाबाई इज द लीडर!"

वर्गानं टाळ्या पिटल्या. जागेसाठी दोघींचीही नावं गेली होती आणि तोंडी परीक्षा व्हायला अजून तीन आठवडे होते, पण तो विचार त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो बानाबाईच्याच. सरांच्या तर नाहीच आला. त्यांनी ते वाक्य पूर्ण फळ्यावर उतरवलं, खाली जाड रेघ ओढली आणि म्हणाले, "याला म्हणतात वाक्य! बानाबाई, तुम्ही वाचा मोठ्यानं." बानाबाईनं वाचलं, एकाही ठिकाणी न अडखळता. मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सांडूनं ते कंपनीत नेलं. दुपारपर्यंत अख्खी लाईन दोघींना नव्या नावांनी हाका मारू लागली. एल्डर आली, लीडर आली. एल्डर, ते खोकं सरकव. साहेबलोकांच्या कानावर गेलं, तेही हसले. चार दिवसांनी घरात त्रिंबकनं भावजयीशी बोलताना तेच नाव वापरलं. आणि त्याच आठवड्यात बानाबाईनं क्लासला यायचं बंद केलं. सरांनी राजाबाईला विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, मेंढरांचं काम निघालंय. सरांनी मान हलवली आणि फळ्यावर रेघ ओढून दुसरी जोडी शोधायला लागले. मनात थोडं वाईटही वाटलं. कशाचं, तर इतकी चांगली जोडी मोडली याचं.

सव्वा महिन्यानं राजाबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. क्लास सुरू व्हायला वेळ होता, खोलीत सर एकटेच. "झाले मी लीडर," ती म्हणाली. सरांनी खुर्चीतून उठून शाबासकी दिली आणि विचारलं, "आणि बानाबाई?"

तोवर सावरून धरलेलं तिचं तोंड एकदम वाकडं झालं. ती बाकावर बसली आणि रडायला लागली.  रडत रडतच सांगायला लागली. "आक्का परीक्सेला आलीच न्हाई, सर. यादीत पैलं नाव तिचंच व्हतं. तीनदा पुकारलं. म्या साहेबाला म्हन्लं, थांबा, येईल. न्हाई आली. दुसऱ्या दिवशी काम सोडलं. आता भाऊजींच्या संगं मेंढरांमागं जाती. आन् चूल निराळी केली."

"भांडण झालं?"

"भांडली असती तर बरं झालं आसतं की. एक सबुद बोलली न्हाई. फकस्त मला आता राजी म्हनत न्हाई, सर. लीडर म्हनती. लीडर, पानी आलंय नळाला. लीडर, तुजं पोरगं रडतंय. म्या तिच्या पाया पडले, तरी लीडरच."

जाताना ती बॉक्स टेबलावर ठेवून गेली. कंपनीत दुसऱ्या पाळीचीही एक जागा निघतेय, तेवढं सांगून गेली. सरांनी एक पेढा उचलला आणि परत ठेवला. बॉक्स खणात सरकवला. तिसऱ्या दिवशी खणाला मुंग्या लागल्या, तेव्हा बॉक्स बाहेर काढावा लागला आणि त्याच्याखाली बानाबाईची वही निघाली.

वही तपासायला दिलेली असताना तिचं येणं थांबलं होतं, म्हणून राहून गेलेली. सरांनी उघडली. शेवटच्या पानावर घरचा अभ्यास: विरोध दाखवणारी दहा वाक्यं, स्वतःच्या मनानं. ठळक, गोल अक्षर, प्रत्येक शब्दामध्ये बोटभर अंतर. राजाबाई इज फास्ट, बट आय अ‍ॅम स्लो. राजाबाई इज यंग, व्हेअरअ‍ॅज आय अ‍ॅम ओल्ड. ऑल्दो आय वर्क एट इयर्स, राजाबाई नोज मोअर. दहाच्या दहा तशीच. एका वाक्यातही बानाबाईनं स्वतःला वरच्या बाजूला ठेवलेलं नव्हतं. आणि खाली सरांच्याच लाल शाईत दहापैकी दहा, वर 'गुड'. गुडच्या खाली दोन रेघा.

माणूस अशा वेळी काय करतो? आधी स्वतःची वकिली करतो. सरांनीही आठ दिवस केली. नाव मी ठेवलं नाही, सांडूनं ठेवलं. कंपनीत मी नेलं नाही. त्रिंबकच्या जिभेला मी काय करणार? परीक्षेला जाऊ नको असं मी म्हटलं का? ही सगळी उत्तरं पक्की होती, एखाद्या तालुक्याच्या वकिलानं मान डोलवावी अशी. फक्त प्रत्येक उत्तराच्या शेवटी राजाबाई छत्री या हातातून त्या हातात करत उभी असायची. 'आमाला दोघींला नगा उभं करत जाऊ.' ते तर त्यांना सांगितलेलं होतं. तोंडावर, स्पष्ट, वेळेत. आणि त्यांनी तिलाच लाजाळू ठरवून वाटेला लावलं होतं.

त्याहून एक वाईट गोष्ट त्यांना अंघोळ करताना सुचली, आणि तांब्या हातातच राहिला. खोकं हातात घेतलं की एक नग कमी असलेला कळतो, हे बानाबाईनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. राजाबाईला ते येत नव्हतं. म्हणजे फळ्यावर लिहायला वाक्य तयार होतं. ऑल्दो शी इज स्लो, शी नेव्हर मेक्स अ मिस्टेक. इतक्या दिवसांत एकदाही लिहिलं नाही. का? तर त्याला कुणी हसलं नसतं. एवढंच कारण. दुसरं शोधूनही सापडेना.

त्या आठवड्यात वर्गात त्यांनी रेघ ओढली, 'जोडी' म्हणाले आणि पुढचे शब्द बाहेर पडेनात. पोरं वाट बघत बसली. सरांनी रेघ पुसली आणि म्हणाले, "आज वाचन करू." असं लागोपाठ तीन दिवस झालं.

शेवटी एका रविवारी सकाळी वही पिशवीत घालून ते शेअर रिक्षात बसले. इतक्या वर्षांत शेंद्र्याच्या शेकडो माणसांना त्यांनी इंग्रजी शिकवलं असेल; शेंद्र्याला स्वतः ते पहिल्यांदाच निघाले होते. कंपन्यांच्या लांबच लांब भिंती संपल्या, मागं ओसाड रान लागलं. वस्तीवर विचारत विचारत गेले, तर बानाबाई जाळीच्या आत कोकरं निवडून बाजूला काढत होती. सरांना बघून तिनं हात झटकले, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अगं बया, सर! आन् इकडं कसं?" तिनं दावणीजवळच्या दगडावर पोतं अंथरलं. "बसा. च्या टाकते."

"चहा नको. तुमची वही राहिली होती."

तिनं वही घेतली, उघडली नाही. कडेला ठेवून दिली आणि चहा टाकायला गेलीच. कोपऱ्यात तीन दगडांची नवी चूल होती. भिंत अजून धुरानं काळी व्हायची होती. पलीकडच्या दाराशी राजाबाईचं घर, दार लावलेलं. रविवारीही तिची पाळी असावी.

सरांनी येताना वाक्यं जुळवून आणली होती, पण ती तोंडात आली नाहीत. जो माणूस इतरांना दोन वाक्यं जोडायला शिकवायचा, त्याची तुटक तुटक निघाली. "बानाबाई, चुकलो मी. तुम्हा दोघींना उभं करायला नको होतं. राजाबाईनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुमची जागा माझ्यामुळं गेली."

"तुमी कशापायी? सांडू मेला…"

"सांडू नाही. मी." सर म्हणाले. "दुसऱ्या पाळीची जागा निघतेय. तुम्ही या. मी तुम्हाला एकटीला बसवून शिकवतो. रोज. फळ्यावर रेघ मारणार नाही."

बानाबाईनं चहा गाळून कप पुढं केला. "न्हाई सर, आता नगं. तिथं गेले की परत येल्डरच. इथं बरं हाय. मेंढरांला विंग्रजी लागत न्हाई." ती थोडी हसलीसुद्धा. मग समोर टेकली आणि म्हणाली, "तुमची काय चूक? तुमी तर तुमच्या वडलांची गोष्ट सांगायचे की, वट्ट्यावर उभं करायचे ती. तुमाला गोडच लागली, म्हून तुमी ती आमाला वाढली."

"हो," सर म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं. कुणीतरी त्यांची बाजू घेत होतं.

"तुमच्या जोडीला कोन उभं ऱ्हायचं?"

"दादा. पुंजाराम. माझा थोरला भाऊ. पिशोरलाच असतो, शेती बघतो."

"त्येनी शिकले न्हाईत व्हय?"

"चौथीतून सुटला. त्याला डोकं नव्हतं…" सर बोलता बोलता थांबले. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडून आबांचंच वाक्य जसंच्या तसं आलं होतं.

"मंग तुमचे वडील तसं बोलले की दादा काय म्हनायचे?"

"काही नाही. कधीच काही म्हणाला नाही. हसायचा."

बानाबाईनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर सरांना सोसलं असतं.

"मीबी हसतच व्हते की, सर," ती म्हणाली. "म्या तोंड पाडलं आसतं तर राजीनं त्याच दिवशी क्लास सोडला आसता. लई शाणी हाय ती. तिचं शिकनं थांबलं आसतं."

सरांनी कप दगडावर ठेवला. चहावर साय धरली. तिनं इतक्या दिवसांनी धाकटीचं नाव घेतलं होतं, हे त्यांच्या कानांनी टिपलं, पण त्याबद्दल काही बोलायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं तरी त्यांना कळलं. उठताना बानाबाईच म्हणाली, "राजी भेटली तर सांगा, पुढच्या ऐतवारी सुट्टी काढ म्हनावं. पुरन घालनार हाय." सर हो म्हणाले. त्या एका घरापुरतं काही सांधलं गेलं असेल तर ते बानाबाईनं सांधलं. सरांच्या वाट्याला निरोप्याचं काम आलं, आणि तेही त्यांना जास्तच वाटलं.

परतीच्या रिक्षात क्रांती चौक आला, तरी ते उतरले नाहीत. पुढं उतरून बसस्थानकावर गेले आणि पिशोरची एसटी धरली. वाटभर एकच हिशेब डोक्यात चालला होता. पुंजाराम चौथीतून सुटला, तेव्हा काकासाहेब दुसरीत. दादाला खरंच येत नव्हतं का? उलटा पाढा पहिल्यांदा शिकवला कुणी? रात्री गोठ्यात कंदिलापाशी बसून, बोटांवर मोजत? आबांना येत नव्हता. मास्तरांनी शिकवला नव्हता. मग कुणी शिकवला? पन्नासाहून जास्त वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण पाठ त्यांचीच थोपटली गेली होती.

पिशोरला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. पुंजाराम ओट्यावर बसून दोरी वळत होता. अंगानं आता बैल राहिला नव्हता. खांदे खाली आलेले, पायांची काठी झालेली. भाऊ असा न कळवता आलेला बघून तो गडबडून उठला.

"आरं, काकासाहेब! समदं ठीक हाय ना? क्लास न्हाई व्हय आज?"

सर ओट्याखालीच थांबले. "दादा, मला उलटा पाढा कुणी शिकवला होता रे?"

पुंजारामच्या हातातली दोरी थांबली. त्यानं भावाच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काय दिसलं कोण जाणे.

"आता त्येचं काय," तो म्हणाला. "तुला पाठ झाला की न्हाई? मला लई मज्जा वाटायची तू म्हनायचास तवा." आणि तो हसला. तेच हसू, पाहुण्यांसमोरचं, पंचावन्न वर्षांपूर्वीचं.

काकासाहेबांना त्या हसण्याकडं बघवेना.